‘लेडी बी गुड’ विमान व त्यांतील नऊ वैमानिक

दुसऱ्या महायुद्धांत बाँब टाकणारीं हजारों विमानें नष्ट झालीं. कांहीं शत्रूच्या तोफांनीं पाडलीं, कांहीं धुक्यांत डोंगरावर आदळलीं, तर कांहीं समुद्रांत बुडून त्यांचा मागमूसहि राहिला नाहीं. यांपैकीं एका अमेरिकन विमानाची हकीगत विद्यार्थ्यांनीं मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. कारण तिच्यांत भूगोल, पदार्थविज्ञान व मनुष्यस्वभाव या तिन्ही विषयांचा धडा एकत्र मिळतो. त्या विमानाचें नांव ‘लेडी बी गुड’. तें चार एंजिनांचें ‘लिबरेटर’ जातीचें विमान होतें.

१९४३ सालीं आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील लिबिया देशांत, बेनगाझी शहराच्या दक्षिणेस सोलूक येथें अमेरिकन वायुदलाचा एक तळ होता. ४ एप्रिल रोजीं दुपारीं इटलींतील नेपल्स बंदरावर हल्ला करण्यासाठीं तेथून पंचवीस विमानें निघालीं. ‘लेडी बी गुड’ हें शेवटीं निघालेल्या विमानांपैकीं एक होतें. निघतेवेळीं वाळूचें वादळ सुटलें होतें. त्यामुळें मागाहून निघालेल्या तुकडींतील बरींच विमानें परत फिरलीं. हें विमान मात्र पुढें गेलें. त्यांतील नऊहि जणांची मिळून ही पहिलीच मोहीम होती.

त्यांचा नायक लेफ्टनंट हॅटन होता. टोनर हा दुय्यम वैमानिक, हेज हा मार्ग आंखणारा, वोराव्का हा बाँब टाकणारा, रिप्सलिंगर हा एंजिनें सांभाळणारा, आणि लामॉट हा बिनतारी यंत्र चालविणारा. शेली, मूर व ॲडम्स हे तिघे तोफा सांभाळीत. नेपल्सपाशीं पोंचेपर्यंत काळोख पडला व लक्ष्य नीट दिसेना. तेव्हां विमान परत फिरलें आणि बाँब समुद्रांत टाकून देऊन एकटेंच तळाकडे निघालें.

मध्यरात्र उलटल्यावर कांहीं मिनिटांनीं हॅटननें बिनतारी संदेश पाठविला, कीं आपलें दिशादर्शक यंत्र चालत नाहीं, तरी आपणांस तळाची दिशा कळवावी. बेनगाझीजवळच्या बेनिना येथील केंद्रानें ३३० अंश, म्हणजे वायव्येच्या बाजूची, दिशा कळविली. समुद्रावरून येणारें विमान तळाच्या वायव्येसच असावयाचें. म्हणून विमान सरळ पुढें चालत राहिलें. वस्तुतः तें तळावरून केव्हांच पलीकडे गेलें होतें आणि दर मिनिटास आग्नेयेकडे, वाळवंटाच्या पोटांत, शिरत होतें.

ही चूक कशी झाली असावी तें समजून घेण्यासारखें आहे. दिशा शोधणाऱ्या यंत्राला तारेचें एक कडें असतें. तें फिरवितां फिरवितां एका ठराविक स्थितींत दुरून येणारा आवाज सर्वांत क्षीण होतो, व तो कोणत्या रेषेवरून येत आहे हें कळतें. परंतु रेषेच्या कोणत्या टोंकाकडून येत आहे, हें एकट्या कड्यावरून कळत नाहीं. हातांतील बांगडी उभी धरून पाहा : समोरून ती जशी वाटोळी दिसते, तशीच मागूनहि दिसते. तळाच्या वायव्येस असलेलें विमान आणि तळ ओलांडून तितकेंच आग्नेयेस गेलेलें विमान, दोघांविषयीं हें कडें एकच उत्तर देतें. त्या रात्रीं कळविलेली रेषा बरोबर होती. तिचें टोंक तेवढें उलट धरलें गेलें.

ही शंका फेडण्याचे उपाय आहेत. दुसऱ्या ठिकाणच्या केंद्राकडून दिशा घेतल्यास दोन रेषा एकमेकींस छेदतात व स्थान निश्चित होतें. थोड्या वेळानें पुनः ऐकल्यास आवाज वाढत आहे कीं मंदावत आहे, यावरून तळ जवळ येतो कीं दूर जातो हें ताडतां येतें. घड्याळ व वेग यांचाहि हिशेब मांडतां येतो. परंतु आपण हें दिव्याच्या उजेडांत, निवांत बसून वाचीत आहों. त्या नऊ जणांच्या खालीं काळोख होता, तेल संपत आलें होतें, आणि अंधारांत समुद्र व वाळवंट हीं दोन्ही सारखींच दिसतात.

सुमारें दोन तासांनीं, ५ एप्रिलच्या पहांटे दोनच्या सुमारास, सर्वांनीं पॅराशूट बांधून उड्या टाकल्या. खालीं पाणी नसून वाळू लागली! एकमेकांना हांका मारून व पिस्तुलाचे बार काढून आठ जण एकत्र जमले. वोराव्का मात्र आला नाहीं. त्याचें पॅराशूट नीट उघडलेंच नव्हतें.

इकडे माणसाविना उडत राहिलेलें विमान दक्षिणेस आणखी सोळा मैल जाऊन सपाट वाळूवर उतरलें. तें दुभंगलें, परंतु जळलें नाहीं. त्यांत अन्नपाणी होतें व चालूं स्थितींतलें बिनतारी यंत्रहि होतें. याची त्या आठांना कल्पना नव्हती. तळ सुमारें ४४० मैल दूर आहे हेंहि त्यांना ठाऊक नव्हतें. हें अंतर मुंबईहून विमानानें नागपुरास जाण्याइतकें आहे! समुद्र जवळच असेल अशा समजुतीनें ते वायव्येकडे चालूं लागले. मागून शोध करणाऱ्यांना खूण मिळावी म्हणून वाटेंत ते पॅराशूटच्या पट्ट्या, बूट व तरंगण्याचीं जाकिटें ठेवीत गेले.

पुढची हकीगत टोनरच्या रोजनिशीवरून कळते. आठ जणांत पाण्याची एकच अर्धी भरलेली बाटली होती. प्रत्येकास दिवसाला बाटलीच्या झांकणाएवढें पाणी मिळे. दिवसां ऊन जाळी, रात्रीं थंडीनें झोंप येत नसे. ९ एप्रिलपर्यंत त्यांनीं पांसष्ट मैलांच्या आसपास मजल मारली. इतक्या पाण्यावर मनुष्य इतका चालूं शकेल असें पुढें तज्ज्ञांनाहि वाटलें नव्हतें. त्या दिवशीं पांच जणांचे पाय थांबले. तेव्हां शेली, रिप्सलिंगर व मूर हे तिघे मदत आणण्यासाठीं पुढच्या वाळूच्या टेकड्यांत शिरले. मागें राहिलेले पांच जण त्यांची वाट पाहत राहिले. रोजनिशींतील शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे.

विमान समुद्रांत पडलें असावें असें समजून शोध समुद्रावरच झाला. पुढें पंधरा वर्षें घरच्या माणसांना याहून अधिक कांहीं कळलें नाहीं. १९५८ सालीं तेल शोधणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या लोकांस आकाशांतून हें विमान दिसलें. १९५९ सालीं माणसें तेथें पोंचलीं, तेव्हां विमानांत कोणाचाहि देह नव्हता. कोरड्या हवेमुळें बिनतारी यंत्र चालत होतें, बंदुकीचा बार उडत होता आणि थर्मासमधील चहा पिण्याजोगा होता! ११ फेब्रुवारी १९६० रोजीं हॅटन, टोनर, हेज, लामॉट व ॲडम्स यांचे देह एकाच ठिकाणीं सांपडले. मे महिन्यांत शेली व रिप्सलिंगर सांपडले. पांच जणांना मागें ठेवून तेहि वीस मैलांहून अधिक चालून गेले होते. ऑगस्टमध्यें वोराव्का सांपडला. मूरच्या देहाची ओळख आजवर पटलेली नाहीं. विमानाचे अवशेष १९९४ सालीं तोब्रुकजवळ हलविण्यांत आले.

या नऊ जणांवर त्या दिवशीं शत्रूची एकहि गोळी लागली नव्हती. त्यांचा घात एका खऱ्या आंकड्याच्या चुकीच्या अर्थानें झाला. गणित सोडविणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें : उत्तराचा आंकडा मिळाला म्हणजे काम संपलें असें नाहीं, त्याला दुसरा अर्थ संभवतो काय, हें एका वेगळ्या मार्गानें पडताळून पाहावें. आपणांस जें हवें तेंच उत्तर आलें असेल, तर ही पडताळणी अधिकच कसोशीनें करावी.

आईबापांनीं मुलांना ही हकीगत सांगतांना त्या झांकणाएवढ्या पाण्याचीहि गोष्ट सांगावी. चूक कोणाची, यावरून त्यांनीं एकमेकांस सोडून दिलें नाहीं. शक्ति होती तोंवर आठहि जण एकत्र चालले, पाणी वांटून प्याले. आणि ज्यांच्या पायांत बळ उरलें होतें ते तिघे बाकीच्यांसाठीं पुढें गेले. दिशा चुकली, तरी सोबत्यांविषयींचें कर्तव्य ते चुकले नाहींत.