चकाकी आणि घट

नागपूरच्या इतवारीतील सराफा बाजारात एखाद्या कारागिराला अंगठी घडवताना पाहा. कानशीने घासून झाल्यावर तो तिच्यावर पॉलिश पेपर फिरवतो, मग त्याहून बारीक पेपर फिरवतो. शेवटी फिरत्या बफावर रूज, म्हणजे लोहाच्या तांबड्या ऑक्साइडची अतिशय बारीक पूड, लावून तो अंगठीला जिल्हई देतो. त्यानंतर अंगठी पुन्हा काट्यावर ठेवली, तर वजन किंचित कमी भरते. ह्या कमी भरलेल्या वजनाला सराफ 'घट' म्हणतात. ती जाते दुकानाच्या केरात. सराफांकडील केर व राख विकत घेऊन, ती धुऊन, त्यातून सोने काढणारे झारेकरी ह्या घटीवरच पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. झारेकऱ्याचे पोट भरते ह्याचाच अर्थ असा, की चकाकी येताना पृष्ठभागावरचे काहीतरी निघून जाते.

हाच नियम मोटारीच्या रंगाला लागू पडतो. फरक एवढाच, की सोन्याची घट झारेकरी परत मिळवतो; रंगाची घट कोणालाच परत मिळत नाही. हल्ली बाजारात एकाच बाटलीत पॉलिश आणि मेण असलेली 'वन-स्टेप' द्रव्ये मिळतात. यंत्राने एकदा फिरवले, की चरे गेले आणि मेणही लागले! अशी बाटली घ्यावी का, घेतल्यास कोणती, ह्याचे उत्तर भौतिकशास्त्राकडे मागू या.

शिल्लक किती?

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी सामान्यतः ४० मायक्रोमीटरच्या आसपास असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे हा थर केसाहूनही पातळ झाला. सूर्याच्या जंबुपार (अतिनील) किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याचे काम त्याच्याकडे असते.

आता हिशेब करा. समजा, एका मध्यम पॉलिशात २.५ मायक्रोमीटर थर निघतो आणि कोणी दर सहा महिन्यांनी पॉलिश करून घेतो. पाच वर्षांत दहा वेळा पॉलिश, म्हणजे २५ मायक्रोमीटरची घट. चाळीसांतून पंचवीस गेले, उरले पंधरा. गाडी दर वेळी चकचकीत दिसेल, पण तिचे कवच अर्ध्याहून अधिक संपलेले असेल. मग विदर्भाचे ऊन खालच्या रंगापर्यंत पोहोचेल आणि रंग फिका पडून पापुद्रे सुटू लागतील.

चमक म्हणजे काय?

पृष्ठभागावर उंचवटे व खळगे असतात. उंचवट्याची उंची ह (h) मानली आणि प्रकाश सरळ वरून पडला, तर खळग्यातून परतणारा किरण २ह इतके अंतर जास्त चालतो. हा पथफरक तरंगलांबीच्या पाव भागाहून कमी असेल, तर दोन्ही लहरी जवळजवळ एकाच पावलावर राहतात आणि पृष्ठभाग आरशासारखा वागतो. म्हणजे ह ही तरंगलांबीच्या एक अष्टमांशाहून लहान हवी. हा निकष लॉर्ड रॅले ह्यांच्या नावाने ओळखला जातो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरली, तर ही मर्यादा सुमारे ०.०७ मायक्रोमीटर येते. चरा ह्याहून मोठा झाला, की प्रकाश विखुरतो.

न्यूटनने १७०४ च्या आपल्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात सांगितले होते, की घासण्याने चरे नाहीसे होत नाहीत. ते दिसू नयेत इतके बारीक होतात. इतवारीतील कारागीर एकामागून एक बारीक पेपर का वापरतो, हे आता कळले ना?

क्लिअर कोटचा वक्रीभवनांक (अपवर्तनांक) सुमारे १.५ असतो. म्हणून सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी फक्त ४ टक्केच त्याच्यावरून परावर्तित होतो. गाडीची सारी आरशासारखी चमक ह्या ४ टक्क्यांतली. काळ्या गाडीत खालचा रंग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे चऱ्यांवरून विखुरलेला थोडासा प्रकाशही डोळ्यांत भरतो. पांढऱ्या गाडीत तोच प्रकाश खालून येणाऱ्या भरपूर पांढऱ्या प्रकाशात हरवून जातो.

मेण काय करते?

मेणाचा वक्रीभवनांक सुमारे १.४५ आहे. चऱ्यात हवा असेल, तर तेथील सीमेवरून ४ टक्के प्रकाश परततो. चरा मेणाने भरून वरून सपाट झाला, तर सूत्र असे लावा: (१.५० − १.४५) भागिले (१.५० + १.४५), आणि त्याचा वर्ग. उत्तर येते सुमारे ०.०३ टक्के. परतणारा प्रकाश शंभरपटींहूनही कमी झाला! चरा जागच्या जागीच आहे, पण दिसेनासा झाला. ओली फरशी गडद व चकचकीत दिसते, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे.

ह्यात घट मुळीच नाही. मात्र मेण काही आठवड्यांत वा थोड्या महिन्यांत निघून जाते आणि चरे पुन्हा दिसू लागतात.

एका बाटलीतील दोन कामे

वन-स्टेप द्रव्यात ही दोन्ही कामे एकत्र असतात. त्यातील अपघर्षक, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण, थर घासतात. त्यातील मेण वा बहुवारिक उरलेले चरे झाकते. अडचण अशी, की मेण आणि तेल हे वंगण आहे. त्यामुळे कणांची धार नुसत्या रबिंग कंपाउंडइतकी लागत नाही. खोल चरे अशा द्रव्याने जात नाहीत, आणि काम संपल्यावर दिसणाऱ्या चमकेपैकी खरी सपाटी किती व नुसते झाकण किती, हे डोळ्यांना सांगता येत नाही.

ते ओळखण्याची एक युक्ती आहे. हातभर जागेवर काम करून पाहा. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा हलकेच पुसा. ह्याने मेण व तेल बरेचसे निघते. त्यानंतरही जी चमक राहील, ती खरी. (हा द्रव ज्वालाग्राही आहे, मोठ्या माणसांच्या देखत आणि ज्योतीपासून दूरच वापरावा.)

यंत्र आणि उष्णता

१५ सेंटिमीटर व्यासाची गादी मिनिटाला १५०० फेरे घेते असे समजा. तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरहून जास्त. गादीचा सरासरी वेग ह्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ८ मीटर धरा. घर्षणबल २० न्यूटन असल्यास दर सेकंदाला १६० ज्यूल उष्णता निर्माण होते. फोमची गादी उष्णतेची दुर्वाहक आहे, म्हणून बरीचशी उष्णता रंगातच उतरते. पत्रा ती पसरवतो. प्लॅस्टिकचा बंपर पसरवू शकत नाही, तो एकाच जागी तापतो. कडेवर आणि कोपऱ्यावर तेच बल लहानशा क्षेत्रफळावर पडते, दाब वाढतो आणि रंग तेथेच आधी उडतो. फिरता फिरता डोलणारे दुहेरी गतीचे यंत्र नवख्याला सुरक्षित, कारण त्याची उष्णता एका जागी साचत नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो, तेव्हा उन्हातल्या गाडीच्या पत्र्याला हात लावणेही कठीण होते. अशा पत्र्यावर द्रव्य पसरण्याआधीच वाळते. काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. मेणांतही फरक आहे: मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, तर ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण ८० अंशांच्या पुढे. आपल्या उन्हाळ्यात दुसरेच बरे.

निवड कशी करावी?

चऱ्यावरून नख हळूच फिरवा. नख अडकले, तर चरा खोल आहे. वन-स्टेपचा आग्रह धरू नये, आणि तो घासून काढण्यात थर संपण्याचा धोकाही आहे. नख अडकत नसेल आणि बारीक चऱ्यांचे जाळे सर्वत्र असेल, तर वन-स्टेप योग्य. त्यातही सर्वांत सौम्य द्रव्याने आरंभ करावा. चरे जवळजवळ नसतील, तर गाडी धुऊन नुसते मेण लावावे. आणि कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय आधी सोडावी. धुळीतील वाळूची कठिणता मोहच्या मापात ७ आहे. रोज सकाळचे ते फडके म्हणजे रोजचा पॉलिश पेपरच!

करून पाहा

१. स्टीलचे जुने ताट दिव्याखाली धरा. प्रतिबिंबाभोवती चऱ्यांची वर्तुळे दिसतील. ताट सरकवा, वर्तुळे प्रतिबिंबाबरोबरच सरकतात. ह्यावरून चरे खरोखर वर्तुळाकार आहेत, की सर्व दिशांना आहेत?

२. खडबडीत पुठ्ठा डोळ्यांच्या पातळीत आडवा धरून खिडकीकडे पाहा. तो तिरकस कोनात चमकतो. रॅलेच्या निकषात कोनाचा विचार केल्यास ह्याचे कारण सापडेल.

३. घरच्या वाहनाला आजवर किती वेळा पॉलिश झाले ते विचारा. दर वेळी २.५ मायक्रोमीटर धरून एकूण घट काढा, आणि पुढच्या वेळी पॉलिश हवे की नुसते मेण पुरे, ते घरी सांगा.