सोप्या ओळींपासून जपून

मनू, किंग जेम्स बायबल घेतलंस ते बरं केलंस. मिल्टन वाचायचा तर ते हाताशी हवंच. पण परवा फोनवर तू म्हणालीस ना, “ताई, वाटलं होतं तेवढं काही अवघड नाही गं,” तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

अगं, अवघड शब्द तुझं काही वाकडं करणार नाहीत. अडलीस की कोश उघडशील, झालं. घात करतात ते रोजच्या वापरातले शब्द. स्पेलिंग तेच, अर्थ मात्र चारशे वर्षांत पार पालटलेला. तिथे आपण अडतच नाही, मग शोधणार कुठून? पौल रोमकरांना लिहितो, तुमच्याकडे यायचं मी कितीदा ठरवलं, पण... आणि पुढे येतं ‘लेट’. आपण वाचतो, ‘येऊ दिलं’. 1611 मध्ये, हे भाषांतर निघालं तेव्हा, तिथे अर्थ होता ‘अडवलं’. म्हणजे बरोब्बर उलटं! विश्वास बसत नसेल तर तुझा पासपोर्ट काढ. आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्यात हा जुना ‘लेट’ अजून नांदतोय. ‘प्रिव्हेंट’चंही तसंच. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात तो रोखण्यासाठी नाही, ‘आधी जाणं’ या अर्थाने आलाय.

पण माझा आवडता शब्द ‘हॉल्ट’. 1 राजे, अध्याय 18, कर्मेल डोंगर. एलीया संदेष्टा लोकांना विचारतो, दोन मतांच्या मध्ये किती दिवस असं ‘हॉल्ट’ करणार? आजचा वाचक म्हणतो, थांबणार. चुकलं. इथे आहे लंगडणं. लोक थांबलेले नाहीत गं, एक पाय इकडे नि एक तिकडे टाकत खुरडत चाललेत, नि एलीया त्यांची टर उडवतोय. आणि गंमत बघ, पाच वचनं पुढे बआलचे पुजारी वेदीभोवती उड्या मारतात, तिथे मूळ हिब्रूत तेच क्रियापद आहे. म्हणजे एलीयाचा टोमणा पुजाऱ्यांच्या पायांत उतरलाय. किंग जेम्समध्ये दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द घातले, त्यामुळे हा धागा तिथे आधीच तुटलाय. त्यात ‘हॉल्ट’चा जुना अर्थ माहीत नसेल, तर टोमणासुद्धा हातातून गेला.

म्हणून लगेच नवं भाषांतर घेऊन हे बाजूला ठेवू नकोस हं. जुन्यात जे टिकलंय, ते पुष्कळदा नव्यात सांडलंय. ‘दाऊ’ आणि ‘दी’ ऐकून इंग्रजांना फार भारदस्त, देवळातलं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात तो एकवचनी ‘तू’ आहे, बस्स. त्या पुस्तकात राजालाही ‘तू’, गुलामालाही ‘तू’, देवालाही ‘तू’. विठोबाला अरे-तुरे करणाऱ्या आपल्याला त्यात काय नवल? लूकच्या बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिमोनाला सांगतो, सैतानाने ‘तुम्हांला’ मागितलंय, पण मी ‘तुझ्यासाठी’ प्रार्थना केलीय. संकट सगळ्यांवर, प्रार्थना या एकासाठी, जो थोड्याच वेळात येशूलाच नाकारणार आहे. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’च. काही नवी भाषांतरं तिथे ‘तुम्हा सर्वांना’ असं घालून सावरतात, बाकीच्यांत कळतच नाही.

तर कर काय, शेजारी दुसरं पुस्तक उघडं ठेव. 1982 चं न्यू किंग जेम्स चालेल किंवा 1952 चं रिव्हाइज्ड स्टँडर्ड. यात कमीपणा कसला? आपण ज्ञानेश्वरी सार्थ घेऊनच वाचतो की! किंग जेम्सनंतर पाचच वर्षांनी, 1616 मध्ये, गोव्यात राचोलला थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. ते तरी आपल्याला टिपांशिवाय कुठे झेपतं? आणि कोश घेशील तो कोणत्या साली शब्दाचा काय अर्थ होता हे सांगणारा घे. तुमच्या लायब्ररीत ऑक्सफर्डचा मोठा असेलच.

तिरप्या अक्षरांनाही फसू नकोस. आपण तिरपं अक्षर दिसलं की जोर देतो. इथे त्याचा अर्थ एवढाच, की हा शब्द मुळात नाही, इंग्रजी वाक्य पुरं व्हावं म्हणून घातलाय. 1 राजे 13 मध्ये एक म्हातारा संदेष्टा मुलांना गाढवावर खोगीर चढवायला सांगतो, आणि मुलं चढवतात ‘त्याच्यावर’. ‘त्याच्यावर’ तिरपं! जोर देऊन वाच, म्हणजे मुलांनी बापालाच खोगीर घातल्यासारखं वाटेल.

आणखी एक. मुखपृष्ठावर 1611 ची ऐट कितीही असो, आत बहुधा 1769 चं ऑक्सफर्डमधलं सुधारलेलं स्पेलिंग असतं. तेव्हा ‘मूळचं, जसंच्या तसं’ म्हणणाऱ्यांना फार मनावर घेऊ नकोस. शिवाय भाषांतरकारांची भाषा त्यांच्या काळातही थोडी जुनीच होती, कारण 1568 चं बिशप्स बायबल धरून चाला असा हुकूमच होता त्यांना. आणि त्याच्या मागे टिंडेलचं भाषांतर, ज्यातला नवा करार 1526 चा. तरी माणसं प्रामाणिक. जिथे शंका, तिथे समासात दुसरा अर्थ देऊन ठेवलाय, आणि प्रस्तावनेत तो का दिला हेही लिहिलंय. ती प्रस्तावना आजकाल बहुतेक आवृत्त्या गाळतात, हा शुद्ध करंटेपणा आहे. शोधून वाच.

सुरुवात रोमकरांपासून नको, दमशील. लूक घे, मोठ्याने वाच. ते चर्चमध्ये वाचण्यासाठीच केलेलं भाषांतर आहे. आणि स्तोत्रसंहितेला आलीस, नि अँग्लिकन चर्चमध्ये कानावर पडलेल्या ओळी जुळेनात, तर तुझी प्रत सदोष नाही बरं का. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात शुभवर्तमानं किंग जेम्सची घेतली, पण स्तोत्रं मात्र आधीची, कव्हरडेलच्या भाषांतरातलीच ठेवली. गाणाऱ्यांच्या तोंडी ती बसली होती, ती कोण बदलणार?