तपासणी दाराशी, निदान मात्र उशिरा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावले. वाढलेले आयुर्मान आणि तंबाखूचे व्यसन ही या वाढत्या मृत्यूंची मोठी कारणे असली, तरी दुखणे अंगावर काढून शेवटच्या अवस्थेत रुग्णालय गाठणे हे त्यांपैकी सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण आहे.

उपचारांसाठी शासनाने बरेच केले आहे. आयुष्मान भारत योजनेतून पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, तर केमोथेरपी, म्हणजे कर्कपेशींचा नाश करणाऱ्या औषधांचा उपचार, घेऊन रुग्णाला त्याच दिवशी घरी परतता यावे, अशी केंद्रे जिल्हा रुग्णालयांत उघडण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. दुबळी बाजू आहे ती स्क्रीनिंगची, म्हणजे कोणतेही लक्षण नसताना करावयाच्या तपासणीची. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तिशीनंतर अशी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम असूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांमागे दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती.

ही तपासणी महागड्या यंत्रांवाचून अडते असेही नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी मुंबईतील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला दीर्घ अभ्यास केला. त्यात थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक आम्ल (व्हिनेगरमध्ये असते तेच) लावून पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी पाहिले, आणि तेवढ्याने तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. पुढील तपासणीतूनच निदान ठरते.

लक्षणे असल्यास मात्र स्क्रीनिंगची वाट पाहू नये. तोंडातील दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड, स्तनातील न दुखणारी गाठ (दुखत नाही म्हणून तीच सर्वाधिक दुर्लक्षिली जाते), संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यावर होणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे. गुटखा, तंबाखू आणि मिश्री सोडावी, आणि तिशी ओलांडलेल्या वाचकांनी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे शासकीय आरोग्य केंद्रात, जाऊन तपासणी करून घ्यावी. ती तेथे मोफत होते.