चर्चच्या भिंतीवरील बाण

इंग्लंडमधील कित्येक खेड्यांत जुन्या चर्चच्या भिंतीवर, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, दगडांत कोरलेली एक आडवी रेघ व तिच्याखालीं तीन फाट्यांचा बाण आढळतो. पुष्कळांस तें धार्मिक चिन्ह वाटतें. परंतु धर्माशीं त्याचा कांहींच संबंध नाहीं. सरकारी भूमापन खात्यानें कोरून ठेवलेली ती उंचीची खूण होय. आपण तिला तलचिन्ह म्हणतों. आडव्या खाचेंत लोखंडी कोन बसवावा, त्यावर मोजणीची काठी उभी करावी, अशी योजना. चर्चच कां? घरें पडतात, झाडें तोडलीं जातात. चर्चची भिंत मात्र शेंकडों वर्षें जागची हलत नाहीं.

आपल्या देशांत पाणसळीनें उंची नेण्याचें हें काम १८५८ सालीं सुरू झालें. येथेंही चर्च, पूल, सरकारी इमारती यांच्या दगडांवर 'जी. टी. एस. बी. एम.' अशीं इंग्रजी अक्षरें कोरण्यांत आलीं. रीत सोपी आहे. दोन काठ्यांच्या मधोमध पाणसळीची दुर्बीण लावावयाची. मागील काठीवरील आंकड्यांतून पुढील काठीवरचा आंकडा वजा केला कीं, जमीन किती चढली तें कळतें. मग मागची काठी उचलून पुढें न्यावयाची. अशा हजारों पावलांनीं समुद्राची पातळी घाट चढून वर येते!

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होऊं लागली. पुढें १९०९ सालीं अशा ९ बंदरांतील सरासरी पातळी शून्य धरून देशांतील उंच्या जुळविण्यांत आल्या. वास्तविक सर्व बंदरांत समुद्र नेमका एकाच पातळीवर नसतो. पण कोठें तरी पाय रोंवल्याशिवाय गणित उभें राहत नाहीं.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत पावसाळा आला कीं, पैठणचा नाथसागर किती भरला, हा प्रश्न घरोघर निघतो. १९७६ सालीं लोकार्पण झालेलें जायकवाडी धरण १५२२ फुटांस पूर्ण भरतें. नवख्यास वाटावें कीं, भिंतच एवढी उंच! भिंत तर अवघी ४१ मीटरांची. १५२२ हा आंकडा समुद्रापासून मोजलेला असून तो तलचिन्हांच्या आधारें येथवर पोंचला आहे. भरलेल्या जलाशयाचा विस्तार सुमारें ३५० चौरस किलोमीटर. तेथें एक फूट पाणी म्हणजे १० कोटी घनमीटरांहून अधिक. भिंतीपासून कित्येक कोस दूर बुडिताची हद्द आंखतांना एखाद्या खुणेंत फूटभर चूक राहिली, तर मोबदला न मिळालेल्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकांत पाणी शिरावयाचें.

हल्लीं उपग्रहांमुळें क्षणांत उंची मिळते, हें खरें. परंतु ती पृथ्वीच्या एका कल्पिलेल्या गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागांत ह्या दोहोंत ५० मीटरांहून अधिक अंतर पडतें. हें अंतर ताडून पाहण्यास ज्ञात उंचीच्या खुणाच उपयोगी पडतात. आम्हांस खेद वाटतो तो येथें. रस्ता रुंद करतांना दगड उपटला जातो. गवंडी जुनी रेघ समजून खुणेवर गिलावा ओढतो. दगड पुनः बसवितां येतो, पण त्याची उंची परत आणण्यासाठीं शेजारच्या खुणेपासून काठ्या घेऊन नव्यानें निघावें लागतें.