प्रवाळाच्या टाकीतले मीठ

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ जगवायचे, तर सर्वांत जास्त लक्ष कशावर ठेवाल? प्रकाशावर, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. प्रवाळाच्या शरीरात राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशात अन्न तयार करते व त्याचा बराच वाटा प्रवाळाला देते. पण दिवा बंद पडला तर लगेच दिसते. पाण्याची वाफ मात्र गुपचूप होते.

समजा, टाकीत १०० लिटर पाणी आहे आणि लिटरला ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे एकूण ३,५०० ग्रॅम. त्यातील १० लिटरांची वाफ झाली. क्षार काही वाफेबरोबर उडत नाहीत! ते उरलेल्या ९० लिटरांत राहतात, म्हणजे लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम. आता ही तूट खाऱ्याच पाण्याने भरली, तर आणखी ३५० ग्रॅम क्षार पडतात आणि प्रमाण ३८.५ होते. पुढच्या खेपेस त्याहून जास्त. प्रवाळाच्या पेशींतील पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते, प्रवाळजीव आकसतात आणि अखेर मरतात. म्हणून भर घालायची ती ऊर्ध्वपातित पाण्याची, रोज थोडी थोडी. नळाचे पाणी नको. त्यात क्लोरीन असतो.

हे पडताळण्यासाठी मालवणच्या खडकावरून प्रवाळ तोडून आणू नका. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. तळाशी वाळू घातलेली परीक्षानळी त्यात उभी तरंगवून पाण्याच्या पातळीशी नळीवर खूण करा. नळी काढून पाणी उन्हात निम्मे आटू द्या, निवल्यावर नळी पुन्हा तरंगवा आणि खूण किती वर आली ते मोजा.