‘पूर्व एकदा होऊ दे, मग बघू’

स्पर्धा परीक्षेच्या वाटेवर सगळ्यात महाग पडणारी चूक अभ्यासक्रम अर्धवट राहण्याची नसते, असं माझं आता ठाम मत आहे. ती एका साध्या वाक्यात असते. ‘पूर्व एकदा होऊ दे, मग बघू.’ मग पोटभर झोपू, मग वेळेवर जेवू, मग घरी निवांत बोलू. पूर्व ठरल्या दिवशीच होणार, हे यात गृहीत धरलेलं असतं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवेची 2020 ची पूर्वपरीक्षा 5 एप्रिलला व्हायची होती. करोना आला, ती पुढे गेली आणि मग पुढे जातच राहिली. शेवटी 14 मार्च 2021 ही तारीख पक्की धरून मुलं बसली होती, तर अवघे तीन दिवस उरले असताना तीही बारगळली आणि पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. पेपर झाला 21 मार्चला. दोन महिने कळ काढायची म्हणून ज्यानं झोप तोडली, त्याची कळ वर्षभर लांबली. करोना हा अपवाद होता, असं म्हणता येईल. पण 25 ऑगस्ट 2024 ची पूर्वही आयबीपीएसची बँकभरतीची परीक्षा त्याच दिवशी आल्यामुळे, आंदोलनानंतर पुढे गेली आणि 1 डिसेंबरला झाली. तेव्हा कुठलीही साथ नव्हती. जी तारीख आपल्या हातात नाही, तिच्यावर स्वतःची झोप आणि जेवण टांगून ठेवू नका, एवढंच मला कळकळीनं सांगायचं आहे.

यावर अभ्यासिकेत हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘बाकीचे चौदा तास बसतात, आपण झोपून कसं चालेल?’ खुर्चीवर किती तास बसलो ते मोजता येतं, म्हणून तेच मोजलं जातं. पण वाचलेलं पक्कं करण्याचं मोठं काम मेंदू झोपेतच करतो. ती झोप कापली की रिव्हिजन वाढते आणि लक्षात कमी राहतं. पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटच्या पेपरचे उतारे पाठांतरानं सुटत नाहीत, तिथे ताजं डोकंच लागतं. वाचून न वाचल्यासारखं वाटू लागलं की मुलं आणखी दोन तास वाढवतात, आणि घसरण तिथूनच सुरू होते.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. कॉटचं भाडं, मेसचं बिल, टेस्ट सिरीजची फी आणि गावाकडे पावसावर अवलंबून असलेलं घर, अशा परिस्थितीत स्वतःची काळजी घ्या म्हणणं हे भरल्या पोटाचं बोलणं वाटतं. पैशाची चिंता फिरायला जाऊन मिटत नाही, हे मान्यच. म्हणून पैशाबद्दल घरी उघड बोलणं हाही मला काळजी घेण्याचाच भाग वाटतो. किती प्रयत्न, किती रक्कम, आणि त्यानंतर काय, हे जाहिरात येण्याआधी घरच्यांसोबत बसून ठरवा, कागदावर लिहा. खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत दार उघडं असतं. थांबा असं आयोग सांगणार नाही. निकालाच्या रात्री हा निर्णय घेऊ नये. त्या रात्री माणूस एक तर सगळं सोडतो, नाही तर आणखी तीन वर्षं गहाण टाकतो. आणि दुसरी नोकरी धरणं हा पराभव नाही, हेही त्याच बैठकीत आईवडिलांच्या तोंडून ऐकून घ्या.

स्वतःला सांभाळा म्हणणं म्हणजे आयोगाला मोकळं सोडणं, असंही कुणी म्हणतं. मला तसं वाटत नाही. मुख्य परीक्षेचं वर्णनात्मक स्वरूप 2023 ऐवजी 2025 पासून लागू झालं, ते मुलं रस्त्यावर बसली म्हणून. वेळापत्रक पाळा अशी मागणी करत राहायलाच हवी, आणि ती करायलाही अंगात बळ लागतं.

मात्र दोन आठवडे अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, अन्न जात नसेल, तर त्याला आळस म्हणू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. 14416 या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य, मराठीत बोलता येतं. आणि शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा चार दिवस दिसला नाही, तर त्याच्या खोलीवर जाऊन दार वाजवा, जेवलास का विचारा.