गुडघ्याची दुखापत : मैदानात परतण्याचा खर्च कसा मांडाल?

कबड्डीत चढाई करताना पाय वळतो, टर्फवर चेंडू अडवताना गुडघा सटकतो आणि एमआरआयमध्ये एसीएल हे लिगामेंट फाटल्याचं दिसतं. घरात लगेच प्रश्न येतो, ‘ऑपरेशनला किती लागतील?’ पण खेळाडूला मैदानात परत आणणारा खर्च ऑपरेशननंतर सुरू होतो. त्याची तजवीज नसेल, तर पैसे आणि उमेद एकदमच आटतात.

एसीएलच्या ऑपरेशननंतर किती जण खेळात परतले, याचा मोठा आढावा 2014मध्ये प्रसिद्ध झाला. 81 टक्के लोक कुठला ना कुठला खेळ पुन्हा खेळू लागले, पण पूर्वीच्या पातळीवर 65 टक्केच पोहोचले. मागे राहिलेल्या सगळ्यांचे गुडघे कमकुवत नव्हते. ‘पुन्हा फाटलं तर?’ ही भीती अनेकांना अडवते.

ऑपरेशनआधी

खासगी केंद्रात एमआरआयला साधारण 4 ते 9 हजार, तर खासगी रुग्णालयातल्या ऑपरेशनला दीड ते तीन लाख रुपये धरा. शहर, खोली आणि इम्प्लांटनुसार आकडा बदलतो, म्हणून लेखी अंदाजपत्रक मागा. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्लाही घ्या. स्वीडनमधल्या 2010च्या एका अभ्यासात ज्यांनी आधी व्यायामोपचार घेतले, त्यांच्यापैकी दोन वर्षांत सुमारे 39 टक्के लोकांनाच ऑपरेशन करावं लागलं. कबड्डी, फुटबॉलसारख्या झटकन वळण्याच्या खेळात परतायचं असेल, तर डॉक्टर बहुधा ऑपरेशन सुचवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

नंतरचे नऊ महिने

फिजिओच्या एका सत्राचे 600 रुपये धरून हिशेब असा :

- पहिले सहा आठवडे, आठवड्याला तीन सत्रं : 10,800
- पुढचे बारा आठवडे, आठवड्याला एक : 7,200
- त्यानंतर नवव्या महिन्यापर्यंत, पंधरवड्याला एक, एकूण दहा : 6,000
- शेवटचे पाच महिने जिम, महिना 1,500 : 7,500
- डॉक्टरांच्या चार फेरतपासण्या, प्रत्येकी 1,000 : 4,000

एकूण 35,500 रुपये. तुमच्या गावातले दर घालून हीच आकडेमोड पुन्हा करा.

पैसे कुठे अडतात?

अनेक आरोग्यविमा पॉलिसी रुग्णालयातून घरी आल्यावर 60 किंवा 90 दिवसांपर्यंतचाच खर्च देतात. त्यात फिजिओ धरला आहे का, हे ऑपरेशनआधीच लेखी विचारा. म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ही मुदत संपते. त्याच सुमारास दुखणं थांबतं, जिना चढता येतो, व्यायाम कंटाळवाणे होतात आणि संघ आपल्याशिवाय खेळत असतो. इथे दोन चुका होतात : कुणी फिजिओ सोडतो, कुणी घाईने मैदानात उतरतो. 2016च्या एका अभ्यासात असं दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. म्हणून विमा थांबल्यानंतरच्या महिन्यांचे पैसे आधीच बाजूला काढा.

पैशांची चणचण असेल, तर सत्रं कमी करा पण नऊ महिन्यांत पसरवा. व्यायाम मोबाइलवर चित्रित करून घ्या. काही शे रुपयांच्या रबरी पट्ट्यांवर घरी बरंच काम होतं. महागडे पट्टे, यंत्रं आणि प्रोटीन पावडर डॉक्टर किंवा फिजिओने सांगितल्याशिवाय घेऊ नका.

मनाची तयारी

यातलं बरंचसं फुकट आहे. फिजिओकडे एसीएल-आरएसआय ही 12 प्रश्नांची प्रश्नावली मागा. खेळात परतण्याची भीती आणि आत्मविश्वास तिने मोजता येतो. तिसऱ्या महिन्यापासून ती दर महिन्याला भरा. गुण वाढत नसतील, तर एका सत्रात फक्त उडी, थांबणं आणि वळणं यांचा सराव मागा. एका पायावर उडी मारण्याच्या चाचणीत दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के अंतर गाठायला हवं. हा आकडा डोळ्यांनी पाहिला की धीर येतो. दरम्यान संघाशी नातं तोडू नका. गुणलेखन करा, लहान मुलांना शिकवा. मन फारच खचलं, झोप उडाली, तर ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी फिजिओला एकदा भेटा आणि नऊ महिन्यांचा आराखडा खर्चासह लिहून घ्या. तो हातात असेल, तर कंटाळ्याच्या महिन्यांत पुढचं पाऊल कोणतं, हे शोधत बसावं लागत नाही.